विश्लेषण : एका डब्यातून किती खेळ? ताराबाई मोडक यांचे आयुष्य काय सांगते?

दिवाळीच्या सुट्या जवळ आल्या की नागपुरात सीताबर्डी, इतवारीपासून मॉलपर्यंत खेळण्यांच्या दुकानांत ठोकळ्यांचे डबे पुढे मांडले जातात. त्यात सध्या अनेकांची पसंती ‘थ्री-इन-वन’ सेटला असते. डबा एक, सुटे भाग तेच आणि मॉडेल तीन. पण तीन मॉडेल म्हणजे खरोखर तीन खेळ का? चांगला सेट ओळखायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील एका बाईंचे नाव घ्यावेच लागते. मुलाच्या हातात कोणती वस्तू द्यावी आणि तिने त्याच्याकडून काय करून घ्यावे, यावर पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी जवळपास पाच दशके काम केले. त्यांचे नाव अंगणवाडीशी जोडले जाते. खेळण्यांशी असलेले नाते मात्र फारसे सांगितले जात नाही.

ताराबाई कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजातील कार्यकर्ते, आईचे नाव उमाबाई. मुलींना जेमतेम अक्षरओळख झाली तरी पुरे, असे मानणाऱ्या काळात ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्ण विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये तो मोडला. पदरी लहान मुलगी, नवऱ्याचा आधार नाही आणि समाजाच्या नजरा वाकड्या, अशा स्थितीत त्यांनी गुजरातची वाट धरली. राजकोट येथील बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. नोकरी मानाची होती. पण त्या तिथे फार काळ रमल्या नाहीत.

भावनगरला काय घडले?

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीने ते भारावले आणि वकिली सोडून लहान मुलांत रमले. १९२३ मध्ये ताराबाई त्यांच्या कामात सामील झाल्या. पदवीधर, प्राचार्यपदी राहिलेली बाई अडीच-तीन वर्षांच्या मुलांसमोर जमिनीवर बसते, हे त्या काळी अनेकांना पायरी उतरल्यासारखे वाटले असणार. ताराबाई मात्र तिथे नऊ वर्षे राहिल्या.

१९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून बालशिक्षणाचा विचार गुजरातीत आणि पुढे मराठी व हिंदीत पोहोचू लागला. मुलांना मारू नये, भीती दाखवू नये, त्यांच्या हाताला काम द्यावे या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी तेव्हा पालकांना पटवून सांगाव्या लागत होत्या.

मॉन्टेसरींची साधने म्हणजे नेमके काय?

ताराबाईंच्या पुढच्या वाटचालीचे मर्म इथे आहे. मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे त्यांनी लाकडी साधनांचा संच विकसित केला. त्यातला गुलाबी मनोरा प्रसिद्ध आहे. दहा घन, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. मूल ते उतरत्या क्रमाने एकावर एक रचते. दुसरे साधन दट्ट्यांचे. लाकडी पट्टीत दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत बसणारा एकच दट्ट्या.

या साधनांचे वैशिष्ट्य असे की चूक झाली तर ती मुलालाच दिसते. दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला की शेवटचा उरतो आणि बसत नाही. बाईंनी रागावण्याची गरज उरत नाही. मात्र प्रत्येक साधनाचे बरोबर उत्तर ठरलेले असते.

ठोकळ्यांची दुसरी परंपरा याहून जुनी आहे. जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ पासून लहान मुलांसाठी खेळवस्तूंचे संच तयार केले. त्यांच्या एका संचात दोन इंचांचा एक लाकडी घन आठ छोट्या घनांत कापलेला असे. त्याच आठ तुकड्यांतून खुर्ची, जिना, पूल, नक्षी असे कितीतरी आकार करता येत. अट एवढीच की सगळे तुकडे वापरायचे. एकाच डब्यातून अनेक मॉडेल काढण्याची आजची कल्पना मुळात इथली आहे.

म्हणजे एका बाजूला एकच उत्तर असलेले साधन, दुसऱ्या बाजूला अनेक उत्तरे देणारे. दोन्हींचा उपयोग वेगळा. पहिल्यातून नजर आणि हात तयार होतात, दुसऱ्यातून कल्पना.

मुंबई सोडून बोर्डीला का?

१९३२ मध्ये ताराबाईंचा भावनगरचा काळ संपला. १९३६ मध्ये मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. शहरातील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी या संस्थेचे स्वागत केले. बालशिक्षिका घडवण्याचे कामही तिथे उभे राहिले. गिजुभाई १९३९ मध्ये गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. मॉन्टेसरी भारतात आल्या आणि युद्धामुळे काही वर्षे इथेच राहिल्या. ताराबाईंच्या कामाला शहरात मान्यता होती, विद्यार्थिनी होत्या, पालक होते.

अडचण एकच होती. ही साधने महाग होती. अचूक मापाचे, गुळगुळीत, रंगवलेले लाकूड शहरातल्या शाळेला परवडे; खेड्यातल्या मुलाच्या हाती ते कधी पडणार? महात्मा गांधी १९३१ मध्ये लंडनमध्ये मॉन्टेसरींना भेटले, तेव्हा त्यांनीही भारतातील गरिबांच्या मुलांचा विषय काढला होता.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी पुढे उभे आयुष्य या कामाला दिले.

डबा बदलला तो कसा?

बोर्डीत साधनांचा विचार मुळापासून नव्याने करावा लागला. समुद्रकाठी शिंपले होते, वाटेवर खडे, झाडाखाली चिंचोके आणि बिया, शेतात माती, रानात बांबू आणि पाने. मोजायला, वर्गवारी करायला, लहान-मोठे लावायला, नक्षी मांडायला हेच साहित्य पुरले.

गंमत अशी की स्वस्ताईसाठी केलेल्या या बदलाने खेळाचा स्वभावही बदलला. दट्ट्या एका खाचेतच बसतो. चिंचोका मात्र सकाळी मोजणीचा मणी असतो, थोड्या वेळाने रांगोळीचा ठिपका आणि दुपारी भातुकलीतला तांदूळ. मातीचा गोळा बैल होतो, चूल होतो, पुन्हा गोळा होतो. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल बैलच राहतो; पण दिवाळीचा किल्ला करणारी मुले त्याच मातीतून बुरूज, गुहा आणि तळे काढतात. बोर्डीच्या मुलांचा डबा दुसऱ्या प्रकारचा होता, आणि त्यावर किमतीची चिठ्ठी नव्हती.

मूल शाळेत येत नसेल तर?

साहित्य बदलूनही एक प्रश्न शिल्लक होता. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येतच नव्हती. आई-वडील मजुरीला जात, मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळी. तेव्हा शाळाच त्यांच्या दारी न्यायची, असे ठरले. वस्तीतल्या अंगणात मुलांना गोळा करायचे, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. हीच अंगणवाडी.

१९५० च्या दशकात काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली पाडे. इथली थोडी मोठी मुले गुरे राखायला जात. त्यांच्यासाठी गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरू लागली. ती कुरणशाळा म्हणून ओळखली गेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी हा त्यापुढचा टप्पा. मोठी बहीण वर्गात आणि धाकटे भावंड शेजारच्या पाळणाघरात, अशी ही सोय होती.

हा सगळा प्रवास सरळ नव्हता. पाड्यांवर विश्वास मिळवायला वेळ लागला, पैशांची चणचण असे, भाषा वेगळी होती. तरीही ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. प्रत्येक वेळी पद्धत बदलली.

मग आजच्या ब्रिक सेटचे काय?

प्लास्टिकच्या जोडठोकळ्यांचा आजचा आकार डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ मध्ये पेटंटसाठी नोंदवला. ताराबाई तेव्हा कोसबाडला होत्या. आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. सहा ठोकळे घेतले तर ही संख्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ वर जाते. म्हणजे डब्यावरचे ‘तीन’ ही कमाल मर्यादा नव्हे, केवळ सुरुवात आहे.

ताराबाईंनी असे सेट तपासले नव्हते. पण त्यांच्या कामातून निघणारी कसोटी खरेदी करताना लावता येते.

पहिली गोष्ट, सुटे भाग पाहा. एका विशिष्ट गाडीसाठीच बनवलेले मोठे, वाकडे भाग जास्त असतील तर तो दट्ट्यासारखा सेट आहे. एकदा बसला की संपला. साधे आयताकृती ठोकळे, चाके, बिजागऱ्या जास्त असतील तर तो चिंचोक्याच्या जातीचा.

दुसरी गोष्ट, पर्यायी मॉडेलकडे नीट पाहा. अशा सेटमध्ये बहुधा पहिले मॉडेल जवळपास सगळे भाग वापरते. दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलमध्ये बरेच भाग उरतात आणि ते किरकोळ दिसतात. तिन्ही मॉडेलची रचना खरोखर वेगळी असेल, उदाहरणार्थ एक घर, एक प्राणी, एक वाहन, तर मुलाला जोडणीच्या वेगवेगळ्या युक्त्या कळतात. तिन्ही एकाच धाटणीची असतील तर ती तीन मॉडेल नावापुरतीच. एक मॉडेल मोडल्याशिवाय दुसरे होत नाही, हेही मुलाला आधी सांगावे. दोन भावंडांसाठी एक डबा घेतला तर भांडण ठरलेले.

तिसरी गोष्ट, सूचनापुस्तिका संपल्यावर काय होते ते पाहा. मूल पुस्तिका बाजूला ठेवून स्वतःचे चौथे मॉडेल करू लागले, तर सेट पैसे वसूल करून गेला. तयार मॉडेल शोकेसमध्ये गेले आणि हात लावायचा नाही असा नियम झाला, तर महागडा सेटही वाया गेला.

चौथी गोष्ट, सुरक्षितता. देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते नसलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तीन वर्षांखालील मुलांना बारीक भाग देऊ नयेत. ते घशात अडकतात. हाच नियम चिंचोक्यांना आणि खड्यांनाही लागू आहे.

आणि बजेट नसेल तर? सुतारकामातून उरलेले लाकडी तुकडे घासून गुळगुळीत केले तरी ठोकळे होतात. फ्रोबेल यांचा आठ घनांचा संच याहून फार वेगळा नव्हता.

ताराबाईंच्या पश्चात काय उरले?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत पुढे नेले. ताराबाईंच्या आयुष्यावर आधारित ‘घर तिघांचं हवं’ हे रत्नाकर मतकरी यांचे नाटक मराठी रंगभूमीवर आले.

त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच आणला. खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टी असे सारे त्यात आहे.

शहरातल्या घरात तीन मॉडेलचा डबा आणि वस्तीतल्या अंगणवाडीत हा पिटारा, दोन्हींपुढचा प्रश्न सारखाच आहे. डबा कपाटात कुलूपबंद राहतो, की मुलाच्या हाती रोज पडतो? साहित्य फुटेल, हरवेल म्हणून ते जपून ठेवणाऱ्या अंगणवाडीत पालकांनी जाऊन तो उघडायला सांगायला हरकत नाही. ते साहित्य मुलांनी वापरण्यासाठीच दिलेले आहे.