मनोरमाबाई मेधावी : अंध मुलींची शिक्षिका

देऊळगाव राजा येथे आश्विन महिन्यात बालाजीची यात्रा भरते, तेव्हा लांबलांबच्या खेड्यांतून माणसे लोटतात. अशा कोणत्याही यात्रेच्या वाटेवर फडके पसरून बसविलेले आंधळे लेकरू आपण पुष्कळदा पाहिलेले असते. त्याच्यापुढे एक नाणे टाकून आपण पुढे जातो, आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. अशा लेकराला नाण्याहून अधिक काही देता येते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या कृतीने दिले, त्या मनोरमाबाई मेधावी ह्यांची हकिगत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

मनोरमाबाई ह्या पंडिता रमाबाईंच्या एकुलत्या एक कन्या. त्यांचा जन्म १८८१ साली झाला. त्या वर्षाच्याही झाल्या नव्हत्या, तोच १८८२ साली त्यांचे वडील बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. पुढल्याच वर्षी मायलेकी विलायतेस गेल्या, व वाँटेज येथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. तेथे वैद्यकी शिकावी असा रमाबाईंचा हेतू होता. परंतु त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे तो सोडून द्यावा लागला. शरीरातील एका उणिवेमुळे शिक्षणाचे दार कसे बंद होते, ह्याचा अनुभव त्या घरातच होता.

पुढे १८९६-९७ च्या भयंकर दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून अनाथ मुली व विधवा आणून त्यांस आश्रय दिला. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे आलेल्यांत आजारी, दुबळ्या व अंध मुलीही होत्या. धडधाकट मुलींस पाटी-पेन्सिल देता येत होती; परंतु ज्यांना पाटी दिसतच नाही, त्यांना काय द्यावे? अन्न, वस्त्र व निवारा मिळाला तरी त्या दिवसभर कोपऱ्यात बसून राहणार, अशी भीती होती.

मनोरमाबाई अमेरिकेत शिकत असता ब्रेल लिपी शिकल्या होत्या. ही लिपी लुई ब्रेल ह्या फ्रेंच गृहस्थाने तयार केली. तो स्वतः लहानपणीच अंध झाला होता. सहा उठावदार ठिपक्यांच्या निरनिराळ्या मांडणीने तीत अक्षरे होतात, व ती बोटांनी चाचपून वाचावयाची असतात. स्वदेशी परत आल्यावर मनोरमाबाईंनी केडगावच्या अंध मुलींस हे वाचन शिकविण्यास आरंभ केला. हे काम घाईचे नव्हे. एकेका मुलीचे बोट आपल्या हाती धरून एकेक अक्षर पुन:पुन्हा ओळखवावे लागते. डोळस मुलांच्या सबंध वर्गास एकदम शिकविता येते. येथे शिक्षिकेला प्रत्येकीजवळ जाऊन बसावेच लागते. अशा रीतीने ज्या मुलींचे हात भीक मागण्यासाठी पसरले असते, ते हात पुस्तक वाचू लागले.

मनोरमाबाईंनी शाळांच्या कामात आईचा भार पुष्कळ उचलला, व पुढे गुलबर्ग्याकडेही शाळा काढली. मुक्तीचे काम पुढे त्याच चालवितील अशी सर्वांची आशा होती. परंतु १९२१ च्या जुलै महिन्यात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. वृद्ध मातेला हा घाव सोसावा लागला. नऊ महिनेही लोटले नाहीत, तोच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

आता काळ पालटला आहे. २०१६ च्या कायद्याने मोठे अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तरी कायदा कोणाच्या ओसरीवर येऊन बसत नाही. एखाद्या घरी आंधळे, मुके किंवा अंथरुणास खिळलेले मूल पाहुणे आले म्हणजे आतल्या खोलीत लोटले जाते. आणि त्याची आई शेजारणींपुढे मान खाली घालते. म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस व मंडळीतील भगिनींस आमची विनंती आहे की, आठवड्यातून एक तास अशा घरी जाऊन बसावे. प्रथम त्या मुलाचे नाव विचारावे. मग ते कशाने हसते, काय ओळखते, हे शिकून घ्यावे. आईला घटकाभर विसावा द्यावा, व शाळेची वाट शोधण्यास बापाच्या सोबत जावे. ज्याला शिकवावयाचे आहे, त्याची लिपी आपण आधी शिकली पाहिजे. मनोरमाबाईंनी हेच केले.