सर जेफ्री कीन्स : स्तन न काढता कर्करोगावर उपचार करणारे सर्जन

स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली, रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ आल्या, तरीही डॉक्टर रेडिएशन घ्यायला सांगतात. गाठ निघाली आहे, मग आता लाईट कशासाठी, असा प्रश्न रुग्ण आणि घरची मंडळी मला नेहमी विचारतात. याचे उत्तर समजून घ्यायला लंडनमधील एका सर्जनची जीवनकथा उपयोगी पडते.

जेफ्री कीन्स यांचा जन्म १८८७ मध्ये केंब्रिज येथे झाला. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड कीन्स हे त्यांचे थोरले भाऊ, तर पत्नी मार्गारेट ही चार्ल्स डार्विन यांची नात. पहिल्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर म्हणून काम करताना त्यांनी जखमी सैनिकांना रक्त देण्याच्या पद्धतीवर मेहनत घेतली आणि १९२२ मध्ये त्या विषयावर पुस्तकही लिहिले. युद्धानंतर ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात सर्जन झाले.

त्या काळी स्तनाच्या कर्करोगावर एकच उपचार प्रमाण मानला जाई. अमेरिकन सर्जन विल्यम हॅलस्टेड यांनी रूढ केलेल्या या शस्त्रक्रियेत संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी काढून टाकत. अनेक स्त्रियांचा हात कायमचा सुजे, खांदा आखडे. गाठ लहान असली तरी सुटका नसे.

कीन्स यांना हे पटत नव्हते. कर्करोग शरीरात आधीच पसरला असेल, तर छाती कितीही खोल कापून तो हाती लागणार नाही. आणि तो स्तनापुरताच असेल, तर एवढे कापण्याची गरज काय? १९२० च्या दशकात त्यांनी रेडियम वापरायला सुरुवात केली. रेडियम भरलेल्या बारीक सुया स्तनात आणि काखेच्या भागात काही दिवस ठेवल्या जात. पुढे ते गाठ तेवढी काढून उरलेल्या स्तनाला रेडियम देऊ लागले. सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांमध्ये मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीचे निकाल दिसले आणि १९३७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले.

तरीही बहुतेक सर्जननी ते मानले नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले, कीन्स हवाई दलात गेले आणि हे काम मागे पडले. १९५५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९८२ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर १९७० च्या दशकात इटली आणि अमेरिकेत सुरू झालेल्या मोठ्या चाचण्या त्यांचा विचार तपासू लागल्या होत्या.

चाचण्यांनी काय दाखवले?

गाठ काढली तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या काही पेशी स्तनात उरू शकतात. स्कॅनमध्येही त्या सापडत नाहीत. किरण या पेशींचा डीएनए तोडतात. निरोगी पेशी बरीचशी दुरुस्ती करून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितके जमत नाही.

अमेरिकेतील चाचणीत २० वर्षांनंतर, फक्त गाठ काढलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ३९ जणींना त्याच स्तनात पुन्हा कर्करोग झाला. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ होते. संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियाही यांच्यापेक्षा जास्त जगल्या असे दिसले नाही. २०११ मध्ये १७ चाचण्यांमधील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. रेडिएशनमुळे १५ वर्षांतील स्तन-कर्करोगाचे मृत्यू २५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले होते.

म्हणजे रेडिएशनमुळे धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून नंतरची तपासणी आणि मॅमोग्राफी चुकवू नका.

तुमच्यासाठी काय महत्त्वाचे?

आज बहुतेक रुग्णांना सुया टोचाव्या लागत नाहीत. मशीनमधून किरण दिले जातात, ते देताना दुखत नाही. बाहेरून दिलेले किरण शरीरात साठत नाहीत, त्यामुळे घरी लहान मुलांना जवळ घ्यायला हरकत नाही. पूर्वी पाच-सहा आठवडे चालणारा उपचार आता अनेकींना तीन आठवड्यांत, काहींना एका आठवड्यात पूर्ण करता येतो. त्वचा लाल होणे आणि थकवा हे त्रास बहुधा काही आठवड्यांत कमी होतात.

प्रत्येकीला रेडिएशन लागतेच असेही नाही. वय ६५-७० च्या पुढे, गाठ लहान, काखेत प्रसार नाही आणि हार्मोनच्या गोळ्या नियमित घेणार असाल, तर ते टाळण्याबद्दल डॉक्टरांशी चर्चा करता येते. मात्र भीतीपोटी किंवा शेजारणीच्या अनुभवावरून उपचार परस्पर सोडू नका. रिपोर्ट घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडे जा आणि दोन गोष्टी स्पष्ट विचारा : रेडिएशन घेतले तर माझा धोका किती उरेल, आणि न घेतले तर किती?