वाया जाणाऱ्या धुरातून ताकद काढायची आयडिया त्याला २६ व्या वर्षी सुचली, पण ती चालवून दाखवायला २० वर्षं लागली

नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्री, मिरची, धान्य घेऊन ट्रकची रांग लागते. माल भरलेली गाडी जोर लावायला लागली की इंजिनाच्या घरघरीत एक बारीक शिट्टी ऐकू येते. बऱ्याच गाड्यांच्या अंगावर 'टर्बो' असं लिहिलेलंही असतं. हीच शिट्टी मोबाईलवरच्या गाड्यांच्या व्हिडिओत पण असते. घरामागच्या शेडमध्ये जुनी अमेरिकन मसल कार उघडायची, तिच्या व्ही-८ इंजिनाला टर्बो जोडायचा आणि मग टायरचा धूर काढायचा, अशा व्हिडिओंना लाखांनी व्ह्यूज मिळतात.

ट्रकवाला आणि कारवाला, दोघांच्या बॉनेटखाली जी वस्तू आहे ती एकाच माणसाच्या डोक्यातून आली. त्याचं नाव आल्फ्रेड ब्युखी.

गंमत म्हणजे या माणसानं वेगवान कार बनवण्यासाठी हे काही केलंच नव्हतं. त्याला फक्त एका गोष्टीचा त्रास व्हायचा, ती म्हणजे इंजिनातून फुकट जाणारी उष्णता.

११ जुलै १८७९ ला स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावात ब्युखीचा जन्म झाला. विंटरथूर म्हणजे कारखान्यांचं गाव आणि तिथला सगळ्यात मोठा दबदबा सुल्झर कंपनीचा. ब्युखीचे वडील योहान याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. योगायोग बघा, ब्युखी जन्मला त्याच वर्षी एक जर्मन तरुण सुल्झरमध्ये कामाचा अनुभव घेत होता. टायफॉईड झाल्यामुळे त्याची परीक्षा हुकली होती, म्हणून तो मधल्या काळात इथं आला होता. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. ज्यानं डिझेल इंजिन दिलं तो आणि ज्यानं त्या इंजिनात जीव ओतला तो, दोघांचे धागे एकाच गावात जुळतात.

घरात इंजिनांचाच विषय, त्यामुळे ब्युखीनं पुढं काय करायचं हा प्रश्नच नव्हता. १८९९ मध्ये त्यानं झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. १९०३ मध्ये तो मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला. नंतर बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये त्यानं नोकऱ्या केल्या.

याच काळात त्याच्या डोक्यात तो किडा वळवळायला लागला.

तो नेमका काय होता, हे समजायला आधी इंजिनाचा हिशोब बघू. इंजिनात जे इंधन जळतं, त्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जा चाकं फिरवायला मिळते. एक तृतीयांश इंजिन थंड ठेवण्यात जाते आणि उरलेली तापलेल्या धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. म्हणजे तीन रुपयाचं इंधन जाळलं तर रुपयाभराचं काम होतं.

दुसरी अडचण हवेची. इंजिनाची ताकद वाढवायची तर जास्त इंधन जाळावं लागतं आणि जास्त इंधन जाळायला जास्त हवा लागते. पण पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आपसूक आत येईल तेवढीच मिळते. त्यामुळे ताकद हवी तर इंजिन मोठं करा, एवढाच मार्ग होता. पंपानं हवा आत कोंबायची कल्पना ब्युखीच्या आधीही होती. गॉटलीब डेमलरनं १८८५ मध्येच तसं पेटंट घेतलं होतं. पण तो पंप इंजिनावरच चालायचा, म्हणजे एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं.

ब्युखीनं या दोन अडचणी एकमेकींना जोडल्या. बाहेर जाणारा तापलेला धूर एका चाकावर सोडायचा, ते चाक फिरलं की त्याच दांड्यावरचा पंप फिरणार आणि तो पंप इंजिनात हवा कोंबणार. इंजिन जे फेकून देतंय त्यावरच इंजिनाचा श्वास वाढवायचा. नोव्हेंबर १९०५ मध्ये त्यानं या कल्पनेसाठी जर्मनीत पेटंटचा अर्ज केला. तेव्हा त्याचं वय होतं २६.

आता एखाद्या सिनेमात इथं टाळ्या पडल्या असत्या. पण प्रत्यक्षात काहीच झालं नाही.

कारण कागदावर जे सोपं होतं ते लोखंडात उतरत नव्हतं. लालबुंद धुरात तासन्‌तास फिरणारं चाक टिकेल असा धातू तेव्हा सहज मिळत नव्हता. त्या काळचे पंप पण इतके कच्चे होते की धुरातून मिळालेली बरीचशी ताकद तेच खाऊन टाकायचे.

१९०९ मध्ये ब्युखी सुल्झरमध्ये परत आला. १९११ पासून कंपनीनं त्याला प्रयोगासाठी सोय करून दिली. १९१५ मध्ये टर्बो लावलेलं प्रायोगिक इंजिन तयार झालं आणि ते फसलं. हवेचा जो वाढीव दाब हवा होता तो टिकतच नव्हता. पेटंटचा अर्ज करून १० वर्षं झाली होती आणि हातात चालणारं एकही मशीन नव्हतं.

पेटंटची मुदत ठरलेली असते. कल्पना बाजारात आली नाही म्हणून ते थांबून राहत नाही. त्यात पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि दुसऱ्या देशांतले इंजिनिअर याच वाटेनं निघाले होते.

फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातोनं विमानाच्या इंजिनाला टर्बो लावला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसनं १९१८ मध्ये विमानाचं लिबर्टी इंजिन थेट कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीक डोंगरावर, १४ हजार फुटांवर चढवलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं हे इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आलं. मग टर्बो जोडला आणि तेच इंजिन तिथंच ३५६ हॉर्सपॉवर द्यायला लागलं.

म्हणजे ब्युखीची कल्पना खरी होती, हे जगाला कळलं. फक्त ते त्याच्या हातून कळलं नव्हतं.

पण विमानाचं आणि ब्युखीचं गणित वेगळं होतं. विमानाला उंचीवर गेलेली ताकद परत हवी होती, तीसुद्धा काही तासांसाठी. ब्युखीला जमिनीवर आणि समुद्रात वर्षानुवर्षं चालणाऱ्या डिझेल इंजिनांची ताकद वाढवायची होती आणि ती इंजिनं बनवणाऱ्यांचा अजूनही विश्वास नव्हता.

१९२३ मध्ये जर्मनीच्या वाहतूक खात्यानं 'प्रॉयसेन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिश' ही दोन प्रवासी जहाजं बांधायला दिली. त्यांच्या १० सिलेंडरच्या डिझेल इंजिनांना ब्युखीच्या देखरेखीखाली टर्बो लावायचं ठरलं. १९२६ मध्ये ही जहाजं पाण्यात उतरली. टर्बोशिवाय १७५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन आता २५०० देत होतं. तेवढ्याच इंजिनात सरळ ४३ टक्के जास्त ताकद.

१९१५ ला जे फसलं ते आता चाललं कसं? त्याचं उत्तर ब्युखीच्या १९२५ च्या पेटंटमध्ये आहे आणि घरी टर्बो बसवायची स्वप्नं बघणाऱ्या प्रत्येकानं ते वाचायला पाहिजे.

सिलेंडरमधून धूर एकसारख्या धारेत येत नाही, तो झटक्याझटक्यानं येतो. सगळ्या सिलेंडरचा धूर एकाच मोठ्या पाइपात सोडला की हे झटके एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा जोर संपतो. वर एका सिलेंडरचा झटका शेजारच्या सिलेंडरमधून बाहेर पडणाऱ्या धुराला अडवतो. ब्युखीनं काय केलं, तर ज्या सिलेंडरचे झटके एकमेकांच्या आड येत नाहीत त्यांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक गटाला वेगळा पाइप दिला आणि प्रत्येक झटका ताजा असतानाच टर्बोच्या चाकावर आणून सोडला. शिवाय हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकाच वेळी उघडे ठेवले. त्यामुळे आत येणारी ताजी हवा उरलासुरला धूर ढकलून सिलेंडर साफ करायची.

थोडक्यात, टर्बोचं खरं कोडं त्या गोगलगायीसारख्या डब्यात नव्हतं. ते त्याच्यापर्यंत जाणाऱ्या पाइपांत आणि इंजिनाच्या वेळापत्रकात होतं.

आज कार कंपन्या 'ट्विन स्क्रोल टर्बो' म्हणून जे मिरवतात, त्यात चार सिलेंडरपैकी १ आणि ४ चा एक रस्ता आणि २ आणि ३ चा दुसरा रस्ता असतो. ही ब्युखीचीच १९२५ ची युक्ती आहे.

१९२६ मध्ये ब्युखीनं सुल्झर सोडली. ब्राऊन बोव्हेरी ही कंपनी टर्बो बनवणार, विंटरथूरचा रेल्वे इंजिन कारखाना इंजिनं बनवणार आणि ब्युखी तंत्र आणि ग्राहक सांभाळणार, असा संयुक्त उद्योग उभा राहिला. पुढं जहाजं, वीजघरं, रेल्वे सगळीकडं टर्बो पसरला. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीनं ट्रकसाठी टर्बो इंजिन आणलं. भारतातलं उदाहरण द्यायचं तर अनेक वर्षं मालगाड्या आणि एक्सप्रेस ओढणारं डब्ल्यूडीएम-२ इंजिन घ्या. १६ सिलेंडर, २६०० हॉर्सपॉवर आणि त्या ताकदीमागं टर्बो.

२७ ऑक्टोबर १९५९ ला विंटरथूरमध्येच ब्युखी गेला, तेव्हा तो ८० वर्षांचा होता. तोपर्यंत रस्त्यावर विकली जाणारी एकही टर्बो कार बाजारात नव्हती.

ती आली ३ वर्षांनी. १९६२ मध्ये अमेरिकेत शेव्हर्ले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर या दोन टर्बो कार निघाल्या. जेटफायरचं ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन २१५ हॉर्सपॉवर द्यायचं. पण पेट्रोल इंजिनात दाबलेली हवा तापते आणि स्पार्कची ज्योत पोहोचायच्या आधीच भलत्या जागी मिश्रण आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात, ज्यात पिस्टनला भोक पडायची वेळ येते. ते टाळायला कंपनीनं मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडायची सोय केली. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे. टाकी रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा दाब तोडायची आणि गाडी मरगळायची. वैतागून अनेकांनी टर्बोच काढून टाकला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९६३ ला, जेटफायर बंद झाली आणि अमेरिकेनं पुन्हा मोठमोठ्या व्ही-८ इंजिनांचा रस्ता धरला.

मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि लहान इंजिनातून मोठी ताकद काढणाऱ्या ब्युखीची सगळ्यांना पुन्हा आठवण झाली. १९८७ मध्ये ब्युइकनं जीएनएक्स नावाची काळी कार काढली. त्या फक्त ५४७ बनल्या. ३.८ लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणं २७६ हॉर्सपॉवर. दोन सिलेंडर कमी असून ही गाडी व्ही-८ वाल्यांना सिग्नलवर मागं टाकायची. टर्बो मसल कारचं वेड खऱ्या अर्थानं इथून वाढलं. आज अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये कार बनवणारे अनेक जण भंगारात गेलेल्या डिझेल ट्रकचा टर्बो काढून व्ही-८ ला लावतात.

पण ज्यांची इंजिनं फुटतात, ते बऱ्याचदा १९१५ चीच चूक करत असतात. टर्बो म्हणजे वरून लावायची ॲक्सेसरी, असं त्यांना वाटतं. हवेचा दाब दुप्पट केला तर इंधन त्या मानानं वाढवावं लागतं. दाबलेली तापलेली हवा इंटरकूलरमधून थंड करून घ्यावी लागते. जास्तीचा धूर टर्बोच्या बाजूनं सोडून देणारी वेस्टगेट लागते. मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या दांड्याला सतत स्वच्छ ऑईल मिळावं लागतं. आणि हे सगळं जमलं तरी मूळ पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट, क्लच आणि ब्रेक त्या ताकदीसाठी बनलेले नसतात. म्हणून टर्बो लावायच्या आधी आख्खं इंजिन खोलायची तयारी लागते.

आपल्याकडं कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी अशी गाडी मनानं बदलता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्यामुळे घरी टर्बो बसवून गाडी रस्त्यावर काढली तर आरसी आणि इन्शुरन्स, दोन्ही अडचणीत येतात. हौस असेल तर तिची जागा रेसिंग ट्रॅक, तीही तिथल्या नियमात बसवून.

आज समुद्रातली मोठी मालवाहू जहाजं, जवळपास सगळे डिझेल ट्रक आणि शोरूममधल्या एक लिटरच्या छोट्या पेट्रोल कारपण टर्बोवर चालतात. ब्युखीचं नाव मात्र यातल्या कुठल्याच गाडीवर लिहिलेलं नसतं. २६ व्या वर्षी त्यानं पेटंट मागितलं, जहाजं पाण्यात उतरली त्या वर्षी तो ४७ चा झाला. मधली सगळी वर्षं तो एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवत होता की हा धूर फुकट का घालवायचा?