कमल रणदिवे आणि टॅमॉक्सिफेनची गोळी

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या एक काकू माझ्याकडे रक्तदाब तपासायला येतात. टॅमॉक्सिफेन सुरू होऊन वर्ष झाले होते. मध्ये तीन महिने त्यांनी ती गोळी परस्पर बंद केली होती, हे मला बोलता बोलता कळले. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो. आणि गाठ तर काढून टाकली, मग आता हार्मोनची गोळी कशाला, असे त्यांचे म्हणणे. अशा वेळी मला पुण्याच्या कमल रणदिवे आठवतात.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये गेलेल्या कमलताईंना मात्र वनस्पती आणि प्राणिशास्त्राची ओढ. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचा अभ्यास केला! १९३९ मध्ये लग्न झाले आणि त्या मुंबईला गेल्या. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र त्या शिकल्या. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या कामाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. कर्करोगावरचे नवे औषध आजही आधी अशा पेशींवर, मग प्राण्यांवर आणि त्यानंतरच माणसांवर तपासले जाते.

स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी उंदरांमध्ये वर्षानुवर्षे प्रयोग केले. आनुवंशिकता, विषाणू आणि हार्मोन्स यांचा या रोगाशी काय संबंध आहे, हा त्यांचा शोध होता. टॅमॉक्सिफेन त्यांनी बनवले नाही, ते १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाले. पण काकूंच्या प्रश्नाचे उत्तर याच हार्मोनच्या संबंधात आहे.

गाठ काढली तरी नजरेला न दिसणाऱ्या काही पेशी शरीरात उरलेल्या असू शकतात. रोग हार्मोनवर वाढणारा असेल, तर इस्ट्रोजेन हे त्या पेशींचे खाद्य. टॅमॉक्सिफेन हार्मोन नाही. ते स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. पाच वर्षे नियमित घेतल्यास त्या काळात रोग परतण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते. काहींना ते दहा वर्षेही देतात.

त्रासही त्याच कारणाने होतो. वाफा येणे, पाळी बिघडणे, योनीमार्ग कोरडा पडणे किंवा पांढरे जाणे हे त्रासदायक असले तरी सहसा धोक्याचे नसते, आणि त्यावर उपाय करता येतात. गर्भाशयात मात्र हे औषध उलट इस्ट्रोजेनसारखे वागते. त्यामुळे पाळी गेलेल्या बाईत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. पाळी गेल्यावर लाल डाग दिसला, तर तो अगदी थोडा असला तरी लगेच सांगावा. बायका हे घरातही बोलत नाहीत, म्हणून मी मुद्दाम विचारतो. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. नजर धूसर झाली तर डोळे तपासावेत. गर्भ राहण्याची शक्यता असेल, किंवा दुसरे ऑपरेशन ठरले असेल, तर डॉक्टरांना आधी कळवावे. नैराश्यावरची पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन ही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. म्हणून प्रत्येक डॉक्टरला सगळ्या गोळ्यांची पाकिटे दाखवावीत.

कमलताईंना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाकडे वळल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

काकूंना मी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवले, गोळी पुन्हा सुरू झाली. वाफा अजून येतात, पण कमी. गेल्या पावसाळ्यात थोडे लाल दिसले, तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन आल्या. सोनोग्राफी झाली, तुकडा तपासला. साधा पॉलिप निघाला.