गिरणगावचे बॅरिस्टर आणि अपिलाचा दरवाजा

1923 साली बाबासाहेब लंडनहून मुंबईला परतले आणि त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्याच वर्षी कामगार नुकसान भरपाई कायदा मंजूर झाला. त्याआधी यंत्रात हात गेला, तर मालकाची चूक कामगारालाच सिद्ध करावी लागे. या कायद्याने ती अट काढली आणि भरपाई ठरवण्याचे काम आयुक्तांकडे दिले.

बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत राहत. गिरणीत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओला करावा लागे. जास्त मजुरी मात्र त्याच खात्यात होती. 1928-29च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. भरपाई मजुरीवरून मोजली जाते. म्हणजे जातीमुळे मजुरी कमी आणि हात गेल्यावर भरपाईही कमी!

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत मोठा संप झाला, त्यात ते अग्रभागी होते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आणणारी दुरुस्ती आणि कामगार विम्याची पायाभरणी याच काळातली. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी घडवलेल्या संविधानात कलम 32 आणि 226 आली. हक्क कागदावर असून भागत नाही, दाद मागायला दरवाजा लागतो, हे या वकिलाला पक्के ठाऊक होते.

भरपाईच्या कायद्यात हा दरवाजा आहे, पण अरुंद आहे. आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध अपील उच्च न्यायालयात होते. मुदत 60 दिवसांची. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. रक्कम कमी वाटली, एवढ्यावर अपील चालत नाही. वादातली रक्कम साधारणपणे किमान 10,000 रुपये हवी. भरपाई, व्याज, दंड आणि वारसांमधील वाटप अशा ठराविक आदेशांविरुद्धच अपील करता येते. मालकाने अपील केले, तर आधी रक्कम जमा करावी लागते. आयुक्तांचा निर्णय मान्य राहील असे दोन्ही बाजूंनी कबूल केले असेल, तर अपिलाचा हक्क जातो. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अपिलाची चौकट मुख्यतः हीच आहे.

आज गटारात उतरणारा, इमारतीच्या परातीवरून पडणारा, कंत्राटदाराकडे राबणारा बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. तेराव्याच्या आत कुणीतरी कागद घेऊन येतो आणि सही मागतो. कार्यकर्त्यांनो, सही होण्याआधी त्या घरी पोहोचा. कागद वाचून दाखवा. निकाल लागला असेल, तर तारीख लिहून ठेवा आणि 60 दिवस मोजा. शिका, संघटित व्हा म्हणताना कायद्याचे हे शिक्षणही त्यातच येते.

जय भीम!