ऑटो लिलिएंथाल: ग्लायडर तरंगतो, पण ऐकतो का?

घार पंख न हलवता इतका वेळ वर कशी राहते, हा प्रश्न कांदिवलीच्या गच्चीवरून आकाशाकडे बघताना आपल्यालाही पडतो. जर्मनीतल्या आंक्लाम गावात वाढलेल्या दोन भावांना तो करकोच्यांकडे बघून पडला. त्यातला मोठा भाऊ म्हणजे ऑटो लिलिएंथाल, हँग ग्लायडिंगचे मूळपुरुष. आज त्यांचं आयुष्य बघू, आणि सोबत हेही समजून घेऊ की नवीन ग्लायडर 'चांगला' आहे हे ठरवतात कसं.

आधी मोजमाप, मग उडी

लिलिएंथाल यांचा जन्म २३ मे १८४८ चा. बर्लिनमध्ये ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि पुढे छोटी वाफेची इंजिनं व बॉयलर बनवणारा स्वतःचा कारखाना काढला. पोटापाण्याचं काम ते, आणि उरलेल्या वेळात धाकटा भाऊ गुस्ताव सोबत पंखांचे प्रयोग. उभ्या खांबाभोवती फिरणाऱ्या आडव्या दांड्याला वेगवेगळ्या आकाराचे पंख लावायचे आणि हवा त्यांना किती उचलते ते मोजायचं. त्यातून कळलं की सपाट पंखापेक्षा किंचित बाकदार पंख जास्त उचल देतो. हे सगळे आकडे त्यांनी १८८९ मध्ये पुस्तकात छापून टाकले. म्हणजे उडायच्या आधीच डेटा सगळ्यांसाठी खुला!

टेस्टिंगसाठी स्वतःची टेकडी

१८९१ मध्ये पहिली उड्डाणं झाली, जेमतेम २५ मीटरची. पुढे ऱ्हिनो टेकड्यांवरून ते २५० मीटरपर्यंत गेले. १८९४ मध्ये त्यांनी बर्लिनजवळ सुमारे १५ मीटर उंचीची टेकडीच बांधून घेतली. म्हणजे साधारण पाच मजली बिल्डिंगएवढी. आकार शंकूसारखा, कारण वारा कुठूनही आला तरी त्याच्यासमोर धावत उडी मारता यावी.

त्याच वर्षीचं त्यांचं 'स्टँडर्ड' मॉडेल असं होतं: विलोच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर सुती कापड, पंखांची रुंदी ६.७ मीटर, क्षेत्रफळ १३ चौरस मीटर, वजन सुमारे २० किलो. याच्या किमान नऊ प्रती त्यांनी विकल्यासुद्धा. पाच वर्षांत त्यांनी सुमारे २,००० उड्डाणं केली. प्रत्येक उड्डाणानंतर काहीतरी बदलायचं आणि परत टेकडीवर चढायचं.

खरी अडचण कुठे होती?

पतंगाला दोरा बांधायची जागा थोडी वर-खाली झाली की पतंग गोते खातो, बरोबर? ग्लायडरचंही तसंच. वजन कुठे आहे त्यावर नाक वर जाणार की खाली, हे ठरतं. लिलिएंथाल शरीर हलवूनच ग्लायडर वळवायचे. पण त्यांचे हात चौकटीत अडकलेले असायचे, त्यामुळे हलायचे फक्त कंबर आणि पाय. शांत हवेत एवढं पुरायचं. जोराचा झोत आला की पाय कितीही झोकले तरी कमीच पडायचे.

आज पायलट पंखाखाली हार्नेसने लटकतो आणि समोरचा दांडा धरून अख्खं शरीर हलवतो. दांडा ओढला की वजन पुढे जातं, नाक खाली येतं, वेग वाढतो. ढकलला की उलटं. फरक छोटा वाटतो, पण हाताला मिळणारा ताबा कितीतरी जास्त.

९ ऑगस्ट १८९६

त्या दिवशी श्टोल्न गावाजवळच्या टेकडीवरून उडताना वाऱ्याने ग्लायडरचं नाक वर उचललं आणि वेग संपला. पंखावरून हवा नीट वाहेनाशी झाली की उचल अचानक कमी होते, यालाच स्टॉल म्हणतात. लिलिएंथाल यांनी वजन पुढे टाकायचा प्रयत्न केला, पण सुमारे १५ मीटरवरून ते खाली आले. मान मोडली. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. वय फक्त ४८.

२०१६ मध्ये डीएलआर या जर्मन संस्थेने त्यांच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती विंड टनेलमध्ये तपासली. डिझाईन मुळात स्थिर निघालं. म्हणजे ग्लायडर तरंगत होता. पण बिघडलेली स्थिती पटकन सावरण्याएवढा ताबा पायलटच्या हातात नव्हता.

आता नवीन ग्लायडर कसा तपासतात?

म्हणूनच आज हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासतात. आधी ग्लायडर गाडीवर बसवून वेगवेगळ्या कोनांत त्याचं नाक आपणहून सावरतं का, ते मोजतात. मग पायलट छोट्या उतारावर, हलक्या वाऱ्यात सुरुवात करतो. दांडा सैल सोडला तर ग्लायडर सरळ जातो का? डावीकडून उजवीकडे झुकवायला किती वेळ आणि जोर लागतो? भरपूर उंचीवर, पॅराशूट सोबत ठेवून, दांडा हळूहळू ढकलत स्टॉल करून बघतात: नाक अलगद खाली येतं की एक पंख धाडकन कोसळतो?

मागे काय उरलं?

त्याच काळातलं, १८९५ चं कथित उड्डाण म्हटलं की आपल्याला चौपाटी आणि शिवकर बापूजी तळपदे आठवतात. पण त्या विमानाची ठोस मापं किंवा फोटो उपलब्ध नाहीत, त्यामुळे त्यावर पुढे कुणाला काही रचता आलं नाही. लिलिएंथाल यांचे तक्ते, डिझाईन्स आणि शंभरावर फोटो मात्र राहिले. राईट बंधूंनी तिथूनच सुरुवात केली. त्यांनी तक्ते स्वतः तपासले, फक्त शरीर झुकवून भागणार नाही हे ओळखलं, आणि १९०२ च्या ग्लायडरमध्ये तिन्ही दिशांचा ताबा पायलटच्या हातात दिला. इंजिन लागलं त्यानंतर, डिसेंबर १९०३ मध्ये.