झाशीच्या लक्ष्मीबाई : एका सेनानीचे चरित्र

दिल्लीतील कोपर्निकस मार्ग मंडी हाऊसच्या चौकातून निघतो आणि इंडिया गेटपाशी संपतो. जुने महाराष्ट्र सदन आणि बडोदा हाऊस या राजधानीतील मराठी वास्तव्याच्या दोन खुणा याच मार्गावर आहेत. कमानी प्रेक्षागृहही याच मार्गावर आहे. मार्गाच्या दुसऱ्या टोकापलीकडे २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले. रंगमंचावरील शस्त्रधारिणी स्त्री भारतीय प्रेक्षकाला नवी नाही. तिचे दर्शन त्याने नेहमीच आदराने घेतले आहे. तथापि तीच स्त्री सैन्याच्या लढाऊ दलात अधिकारपदावर असावी काय, असा प्रश्न उपस्थित झाला की तो आदर साशंक होतो. या वादात झाशीच्या लक्ष्मीबाईंचे नाव दोन्ही पक्ष घेतात. एक पक्ष त्यांना प्रमाण मानतो, तर दुसरा पक्ष त्यांना अपवाद ठरवून बाजूला ठेवतो. यांपैकी कोणती भूमिका त्यांच्या चरित्राशी सुसंगत आहे, हे त्या चरित्राच्याच आधारे पाहणे योग्य होईल.

लक्ष्मीबाईंचा जन्म काशी येथे झाला. परंपरा १८२८ हे जन्मवर्ष मानते. काही चरित्रकार ते १८३५ पर्यंत पुढे नेतात. वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी होते. चिमाजी आप्पांच्या निधनानंतर तांबे कुटुंब ब्रह्मावर्तास पेशव्यांच्या आश्रयाला आले. आई भागीरथीबाई लवकर निवर्तल्यामुळे मनकर्णिकेचे बालपण पुरुषांच्या सहवासात आणि पेशव्यांच्या वाड्यात गेले. अश्वारोहण आणि शस्त्रविद्या यांचे शिक्षण तिला तेथे मिळाले. राज्य गमावलेल्या, पण राज्याचे संस्कार न विसरलेल्या एका मराठी वसाहतीत ही मुलगी वाढली, ही गोष्ट तिच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिचे युद्धकौशल्य दैवी देणगी नव्हते; ते शिक्षणाचे फळ होते.

१८४२ मध्ये झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह होऊन मनकर्णिका लक्ष्मीबाई झाल्या. गंगाधरराव नाट्यकलेचे भोक्ते होते आणि स्वतः स्त्रीवेष धारण करीत, अशी माहिती परंपरेने जतन केली आहे. १८५१ मध्ये झालेला पुत्र काही महिन्यांतच वारला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या दिवशी नेवाळकर कुळातील आनंदराव या बालकास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवण्यात आले होते. डलहौसीने हे दत्तविधान राज्याच्या वारशापुरते अमान्य केले आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राणींना दरमहा पाच हजार रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ करण्यात आले.

यानंतरची तीन वर्षे चरित्रकारांनी बहुधा घाईने ओलांडली आहेत. वस्तुतः या काळात राणींनी तलवारीला हात घातला नाही. त्यांनी अर्ज केले, पूर्वीच्या तहांचे दाखले दिले आणि जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. जून १८५७ मध्ये झाशीतील शिपायांनी उठाव केला आणि ८ जून रोजी जोखनबागेत युरोपीय स्त्रीपुरुषांची व मुलांची हत्या झाली. त्या हत्येत राणींचा हात होता काय, याविषयी दीर्घकाळ वाद चालला. परंतु तसा निर्णायक पुरावा पुढे आलेला नाही. शिपाई दिल्लीकडे गेल्यावर राणींनी कमिशनर अर्स्किन यास पत्रे लिहून परिस्थिती कळविली आणि त्याने नवा अधिकारी येईपर्यंत जिल्ह्याचा कारभार पाहण्यास त्यांना सांगितले. युद्ध ही त्यांची पहिली निवड नव्हती. सनदशीर मार्ग बंद होत गेल्यावरच त्या युद्धाकडे वळल्या.

कारभार हाती येताच सैन्याची गरज भासली. नेवाळकर कुळातील सदाशिवराव याने करेऱ्याचा किल्ला घेऊन राज्यावर हक्क सांगितला; पाठोपाठ ओरछाची फौज चालून आली. राणींनी दोघांचाही पराभव केला. याच काळात त्यांनी सैन्यभरती केली, तोफा चालत्या केल्या, दारूगोळा तयार करविला. विष्णुभट गोडसे वरसईकर हा कोकणातील भिक्षुक उत्तर हिंदुस्थानात द्रव्यार्जनासाठी गेला असता झाशीत अडकला आणि त्याने पुढे लिहिलेला 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केला. या ग्रंथात राणींची दिनचर्या आढळते. व्यायाम, घोड्यांची फेर, महालक्ष्मीचे दर्शन, दरबार, न्यायनिवाडा असा तिचा क्रम आहे. कधी पुरुषी पोशाख, कधी विधवेला शोभेल असे शुभ्र वस्त्र. गोडसे भटजींना या दोहोंत विसंगती वाटलेली दिसत नाही. एका सनातनी भिक्षुकाने ज्या सहजतेने हे चित्र रेखाटले, ती सहजता पुढील काळातील गौरवपर लेखनात क्वचितच आढळते.

मार्च १८५८ च्या उत्तरार्धात ह्यू रोझ झाशीपुढे येऊन ठेपला. वेढा सुमारे दोन आठवडे चालला. तटाला भगदाडे पडत आणि रात्रीतून बुजविली जात. या वेढ्याविषयी इंग्रजी लष्करी वृत्तांतांत एक नोंद आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे: तटावरील मोर्चांवर स्त्रिया तोफांपाशी काम करताना आणि दारूगोळा वाहताना शत्रूला दिसत होत्या. या स्त्रियांची नावे त्या कागदांत नाहीत. झलकारीबाईंची कथा लोकपरंपरेने जपली आणि २००१ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीटही काढले. तथापि समकालीन लेखनात तिचा आधार क्षीण आहे. मात्र एवढे निश्चित की झाशीच्या तटावर लढणारी स्त्री एकटी नव्हती. जेथे आज्ञा देण्याचा अधिकार स्त्रीकडे होता, तेथे इतर स्त्रियांनाही कामे नेमून दिली गेली होती.

१ एप्रिल रोजी मदतीस आलेल्या तात्या टोपे यांच्या वीस हजारांच्या आसपास असलेल्या फौजेचा बेतवेकाठी पराभव झाला. ३ एप्रिलला शहरावर हल्ला झाला. पुढे झालेल्या लुटीचे व कत्तलीचे गोडसे भटजींनी केलेले वर्णन मराठी गद्यातील अत्यंत विदारक वर्णनांपैकी एक आहे. राणी रात्री किल्ल्याबाहेर पडल्या. भांडेर येथे पाठलागावरील लेफ्टनंट बाउकर जखमी होऊन मागे राहिला आणि राणी काळपीस पोहोचल्या. मोरोपंत तांबे पकडले गेले व त्यांना फाशी देण्यात आली.

काळपीच्या परिसरातील गोडसे भटजींचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. धुळीने माखलेल्या, तहानलेल्या राणी विहिरीपाशी येतात, भटजी पाणी काढून देऊ लागले असता त्यांना थांबवून स्वतः पाणी काढतात आणि ओंजळीने पितात. येथे ना दिव्यत्व आहे ना वीरश्रीचा आव. पराभूत, थकलेला आणि तरीही पुढच्या मजलेची तयारी करणारा सैनिक येथे दिसतो. मराठी साहित्यातील लक्ष्मीबाईंचे सर्वांत विश्वसनीय चित्र बहुधा हेच होय.

काळपीस सेनापत्य रावसाहेब पेशवे व तात्या टोपे यांच्याकडे होते. सबंध सैन्याचे नेतृत्व राणींच्या वाट्याला आले नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात त्यांच्या सल्ल्याची उपेक्षा झाल्याची खंत आढळते. कूंच येथे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि काळपी येथे २२ मे रोजी पराभव झाला. १ जून रोजी ग्वाल्हेर हाती आले, जयाजीराव शिंदे आग्र्याकडे गेले; परंतु विजयी पक्षाने मिळालेला अवधी दरबार व समारंभ यांत घालविला. १७ जून १८५८ रोजी कोटा की सराय येथील चकमकीत घोडदळाच्या वेषात लढताना राणींना मरण आले. परंपरा १८ जून ही तिथी मानते. झाशीतील लक्ष्मीबाई आणि काळपीतील लक्ष्मीबाई यांच्या शौर्यात अंतर नव्हते. अंतर अधिकारात होते. झाशीत निर्णय त्यांचा होता, काळपीत त्यांच्याकडून केवळ शौर्याची अपेक्षा होती.

मृत्यूनंतर त्यांचा गौरव शत्रूनेही केला. पण रोझने त्यांना विरोधी पक्षातील सर्वांत शूर म्हणताना त्यांची गणना पुरुषांत केली. हा गौरव वरवर उदार असला तरी त्यात एक अट दडलेली आहे: लढणारी स्त्री ही स्त्री राहत नाही. भा. रा. तांबे, सुभद्राकुमारी चौहान, वृंदावनलाल वर्मा, महाश्वेता देवी, वि. वा. शिरवाडकर अशा भिन्न भाषांतील व प्रकृतींच्या लेखकांनी त्यांच्यावर लिहिले. महाश्वेता देवींच्या १९५६ मधील बंगाली चरित्राने लोकस्मृतीलाही साधन मानून त्यांचे माणूसपण शोधले. परंतु सार्वजनिक स्मरणात राहिला तो पुतळा: पाठीशी बालक, हाती तलवार, आणि आसपास कोणी नाही.

१९४३ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापूर येथे स्त्रियांचे पथक उभारले, तेव्हा त्यास राणींचे नाव दिले आणि नेतृत्व लक्ष्मी स्वामीनाथन यांच्याकडे सोपविले. मलायातील मळ्यांवरील तमिळ कुटुंबांतील अनेक मुली त्यात होत्या. त्यांनी शस्त्रशिक्षण घेतले. आघाडीवर लढण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. स्वतंत्र भारतात १९९२ पासून स्त्रियांना वैद्यकीय सेवेबाहेरील काही शाखांत अल्प मुदतीचे अधिकारपद मिळू लागले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने भूसेनेतील स्त्री-अधिकाऱ्यांचा कायमस्वरूपी नेमणुकीचा आणि नेतृत्वपदासाठी विचार होण्याचा हक्क मान्य केला. २०२२ मध्ये पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ मध्ये ती बाहेर पडली. २०२३ मध्ये तोफखान्यात स्त्री-अधिकारी नेमल्या गेल्या. पायदळ आणि रणगाडा दल यांचा त्या निर्णयात समावेश नव्हता.

तोफखान्यातील त्या नेमणुका नव्या मानल्या गेल्या. १८५८ च्या वसंतात झाशीच्या तटावर दारूगोळा वाहणाऱ्या, तोफांपाशी उभ्या असलेल्या निनावी स्त्रिया ध्यानी घेतल्या तर मात्र त्यांचे नवेपण बरेच उणे होते. लक्ष्मीबाईंना अपवाद ठरविणारा पक्ष या स्त्रियांना विसरतो. त्यांना प्रमाण मानणारा पक्षही पुष्कळदा केवळ राणींच्या शौर्याकडेच पाहतो. चरित्र सांगते ते याहून साधे आहे. बालपणी शिक्षण मिळाले, योग्य वेळी अधिकार मिळाला आणि त्या अधिकाराखाली इतर स्त्रियांची कामे ठरली, तेव्हा झाशी दोन आठवडे लढली. यांतील अधिकार काढून घेतल्यावर उरते ते केवळ हौतात्म्य, आणि हौतात्म्याची कमतरता या देशातील स्त्रियांना कधीच नव्हती.